९१ पर्सेंटाइल आणि ५२ टक्के, दोन्ही एकाच मुलीचे कसे?

राजारामपुरीकर

माझ्या मुलीचा एमएचटी-सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकी वगैरे अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटात तिला एकूण ९१.४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. तिच्या मामांनी ते ‘शंभरात एक्क्याण्णव’ असे वाचले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढेही वाटून टाकले. रात्री उत्तरतालिकेशी ताडून पाहिले तेव्हा २०० पैकी १०४ गुण, म्हणजे ५२ टक्केच पडत असल्याचे दिसले. याच परीक्षेच्या दुसऱ्या सत्रात (पाळीत) बसलेल्या तिच्या मैत्रिणीला १०९ गुण असूनही पर्सेंटाइल हिच्यापेक्षा कमी आहेत. शिवाय तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज करून तीनने भागले, तर उत्तर ९१.४ येत नाही. हिशेब नेमका कुठे चुकतो आहे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मध्यक (निवृत्त शिक्षक)

आपला हिशेब कुठेही चुकलेला नाही. मामांनी पेढे वाटले तेही योग्यच केले, फक्त कारण वेगळे होते.

टक्केवारी ही प्रश्नपत्रिकेशी केलेली तुलना असते, तर पर्सेंटाइल, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘शतमक’, ही सोबत परीक्षेला बसलेल्यांशी केलेली तुलना असते. सीईटीत एखाद्या सत्रातील ज्या विद्यार्थ्यांचे गुण आपल्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, त्यांची संख्या मोजतात, तिला त्या सत्रात बसलेल्या एकूण विद्यार्थ्यांच्या संख्येने भागतात आणि शंभराने गुणतात. समजा तिच्या सत्रात १०,००० विद्यार्थी होते, तर त्यांपैकी ९,१४० जण तिच्या बरोबरीचे किंवा तिच्या मागे आहेत आणि ८६० जण पुढे आहेत. तिने किती प्रश्न सोडवले याविषयी ९१.४ हा आकडा काहीच सांगत नाही. पेपर फार कठीण असेल तर निम्मे गुण मिळवणारा विद्यार्थीही रांगेत बराच पुढे उभा असू शकतो.

मैत्रिणीचे कोडेही यातच सुटते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि सर्व प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवता येत नाही. म्हणून पर्सेंटाइल त्या त्या सत्रापुरते काढतात आणि मगच सर्वांची एकत्र गुणवत्ता यादी लावतात. मैत्रिणीचा पेपर थोडा सोपा असावा, त्यामुळे १०९ गुणांच्या पुढे तिथे अधिक मुले गेली असावीत.

आता बेरजेविषयी. शतमके म्हणजे रांगेतील जागा, आणि जागांची सरासरी काढता येत नाही. एकूण पर्सेंटाइल हे तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज करून, त्या बेरजेची पुन्हा रांग लावून काढलेले असते. एखाद्याला तिन्ही विषयांत ९५ पर्सेंटाइल असतील, तर एकूण पर्सेंटाइल बहुधा ९५ हून अधिकच निघतील, कारण एका विषयात पुढे असणारे पुष्कळ असतात, पण तिन्ही विषयांत तितकेच पुढे राहणारे थोडे.

आणखी एक गोष्ट शिकवण्यांच्या जाहिरातींत कधीच सांगितली जात नाही. पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. गुणांचा आलेख घंटेच्या आकाराचा आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, ३० गुणांचे आहे असे धरले, तर ५० वरून ६० पर्सेंटाइलवर जायला साडेसात-आठ गुण पुरतात, पण ९९ वरून ९९.९ वर जायला सुमारे २३ गुण लागतात. मधल्या गर्दीत एका गुणाने शेकडो जण मागे पडतात, वरच्या विरळ भागात तसे होत नाही. त्यामुळे ‘दहा पर्सेंटाइल वाढवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ते कोठून कोठे, हे आधी विचारावे.

गुळाची ढेप

सरांच्या उत्तराला एक छोटी पुरवणी जोडतो. मी मार्केट यार्डातील एका अडतीवर हिशेब पाहतो. ओळखीच्या मुलाला अकरावीच्या अर्थशास्त्रातील विभाजन मूल्ये (शतमकासारखी, यादीचे भाग पाडणारी मूल्ये) समजावून देण्यासाठी मी गुळाच्या अकरा कलमांचे कल्पित दर चढत्या क्रमाने मांडले होते. त्यांत दहावा दर क्विंटलला ४,५०० रुपये आणि अकरावा, खास प्रतीच्या गुळाचा, ६,५०० रुपये होता. पुस्तकाच्या रीतीने नव्वदावे शतमक (११ + १) × ९० ÷ १०० म्हणजे १०.८ व्या जागी येते, म्हणून उत्तर ६,१०० रुपये आले. एक्सेलमध्ये ‘पर्सेंटाइल डॉट आयएनसी’ हे सूत्र घातले, तर बरोबर दहाव्या जागेवरचे ४,५०० रुपये आले. त्या पोराने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी काटाच मारला.

दोन्ही उत्तरे आपापल्या रीतीने बरोबर आहेत. एक्सेलचेच ‘ईएक्ससी’ हे सूत्र वापरले की पुस्तकाचे उत्तर मिळते. संख्याशास्त्रात अशा नऊ रीती १९९६ मधील एका प्रसिद्ध लेखात एकत्र मांडल्या गेल्या आहेत. लाखभर विद्यार्थ्यांच्या यादीत रीत बदलल्याने सहसा काही फरक जाणवत नाही, पण अकरा कलमांवर नव्वदावे शतमक काढणे म्हणजे एका ढेपेवरून सबंध हंगामाचा दर सांगण्यासारखे आहे.

राजारामपुरीकर

दोघांचेही आभार. मामांना सत्राचा मुद्दा पटला आहे. मात्र ‘हे सगळे परीक्षावाल्यांनी काढलेले खूळ आहे, एरवी याचा काय उपयोग?’ असा त्यांचा नवा प्रश्न आहे.

पाटबंधारे

मामांना कृष्णेच्या पाणीवाटपाची आठवण करून द्यावी, कारण आपली पंचगंगाही त्याच खोऱ्यातली. राज्यांतील पाणीतंटा सोडवण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचे २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरले, ते ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे’, म्हणजे चारपैकी तीन वर्षे किमान इतके पाणी येते असे. शतमकाच्या भाषेत हे पंचविसावे शतमक झाले, कारण पाटबंधाऱ्यात आम्ही रांग वरून खाली मोजतो आणि आपण शतमक खालून वर मोजतो. या उलट्या मोजणीने नव्या अभियंत्यांची हमखास फसगत होते.

दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या. त्यांनुसार ७५ टक्के विश्वासार्हतेला २,१७३ टीएमसी येतात, तर ६५ टक्क्यांना २,२९३. सरासरी धरली तर आकडा २,५७८ वर जातो. नदी तीच, नोंदी त्याच, पण पंचविसाव्याऐवजी पस्तिसावे शतमक धरताच वाटपासाठी १२० टीएमसी पाणी वाढते, आणि त्या बदल्यात दर शंभरांत आणखी दहा वर्षे तूट सोसायची तयारी ठेवावी लागते. राज्याराज्यांतील भांडणाचा बराच भाग शतमक कोणते धरायचे, यावरच चालला.

मध्यक (निवृत्त शिक्षक)

उत्तम उदाहरण. राजारामपुरीकर, आता आपल्या कामाचे सांगतो. पसंतीक्रम भरताना मागील वर्षीच्या कट-ऑफ यादीत (शेवटचा प्रवेश कितीवर मिळाला त्या यादीत) महाविद्यालयापुढे केवळ पर्सेंटाइल पाहू नका, त्याच्याजवळ गुणवत्ता क्रमांकही छापलेला असतो, तो पाहा. यंदा परीक्षेला बसलेल्यांची संख्या वाढली असेल, तर त्याच ९१.४ पर्सेंटाइलच्या पुढे अधिक मुले असतील, आणि जागा काही त्याच प्रमाणात वाढत नाहीत. तीन लाखांत ८.६ टक्के म्हणजे २५,८०० जण पुढे, साडेतीन लाखांत ३०,१००. मुलीचा यंदाचा क्रमांक आणि मागील वर्षीचा शेवटचा क्रमांक एकाच कागदावर मांडा, आणि आरक्षणाचा प्रवर्ग जुळतो की नाही, तेही त्याच वेळी तपासून घ्या.