"मोठा पंप टाकला की झाले" म्हणणाऱ्यांसाठी

पिस्टनशोक (ह्यूस्टन)

काल 'वेगवेडा' यांनी आपल्या मस्टँग जीटीवर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) चढवल्याची हकिगत या मंचावर लिहिली. गाडी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण "टाकीत पेट्रोलचा मोठा पंप टाकला, बाकीचे ट्यून (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग) सांभाळून घेतो; पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, वायरिंग, पेट्रोलची लाइन हे सगळे दुकानदारांनी काढलेले खर्च आहेत" हे जे वाक्य त्यांनी शेवटी ठोकून दिले आहे, ते मला सहन झाले नाही. याच अर्थाचे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी बायकोला ऐकवले होते आणि त्यानंतर आठ महिन्यांनी सातव्या सिलिंडरचा पिस्टन हातात धरून मी तिच्यासमोर उभा होतो. वरच्या दोन रिंगांमधला काठ उंदराने भाकरी कुरतडावी तसा तुटला होता. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की मिश्रण आपोआप भडकते, त्याला नॉक म्हणतात, आणि पिस्टन असा तुटतो. आता गणित पाहा. सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी साधारण २९५ ग्रॅम पेट्रोल लागते. ७०० अश्वशक्ती धरली तर ताशी सुमारे २०६ किलो, म्हणजे जवळजवळ २८० लिटर होतात. आठ इंजेक्टरांत वाटून आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये हा दंडक पाळून हिशेब केला, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ७३० सीसीचा हवा. पंप कितीही मोठा असो, इंजेक्टरचे तोंड तेवढेच राहते.

शिवाय दाबाचे काय? समजा रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३.८ बार दाब आहे आणि मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) ०.७ बार बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा जादा दाब, आहे. रेलचा दाब बूस्टबरोबर वाढत नसेल, तर इंजेक्टरला प्रत्यक्षात ३.१ बारच मिळतात आणि प्रवाह सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, तोही नेमका इंजिनाला सर्वांत जास्त भूक लागलेली असताना. तो दाब बूस्टबरोबर वाढवला, तर पंपाला अधिक दाबाविरुद्ध ढकलावे लागते आणि खोक्यावर छापलेला आकडा तेथे मिळत नाही. ट्यून या दोन्हींपैकी काहीही निर्माण करत नाही. ट्यून फक्त मागणी करतो.

वेगवेडा

आपल्या पिस्टनबद्दल मनापासून सहानुभूती आहे. मात्र आपल्या इंजिनाचे जे झाले ते साऱ्या जगाचे होईल, असे मानण्याची गरज नाही. माझी गाडी डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) चाकांशी ५९० अश्वशक्ती देते. सातशे हा आकडा आपल्या सोयीचा आहे. मी चौदा महिने गाडी चालवत आहे आणि एकदाही नॉक झालेला नाही, कारण मी ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेले इंधन) भरतो. इथेनॉलची बाष्प होताना उष्णता शोषण्याची क्षमता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी टेबलावर पिस्टन मांडून प्रवचने करू नयेत.

पिस्टनशोक

चाकांशी ५९० म्हणजे क्रँकशी, इंजिनापाशीच मोजले तर, सातशेच्या आसपासच होतात, तेव्हा आकडा माझ्या सोयीचा नसून आपलाच आहे. आणि ई-८५ भरता हे सांगून आपण माझेच काम सोपे केलेत. त्या इंधनाला पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त आकारमान लागते. ७३० सीसीचा हिशेब हजाराच्या घरात गेला! शिवाय अमेरिकेत ई-८५ या नावाखाली ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत कितीही इथेनॉल असू शकते. आपल्या गाडीत इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर आहे का? की तोही दुकानदारांनी काढलेला खर्च?

जुना कार्ब्युरेटर (पुणे)

इथेनॉलचे नाव निघालेच आहे, तर मलाही बोलू द्या. तुम्ही तेथे हौसेने घालता, आमच्या टाकीत ते न विचारता घातले जाते. माझ्याकडे १९८९ ची गाडी आहे, वडिलांची. गेल्या पावसाळ्यात ती चार महिने उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली, तेव्हा पेट्रोलची रबरी नळी बोटाने दाबताच फुगलेल्या पावासारखी आत गेली आणि कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये तळाशी पाण्याचा थर साचला होता. वीस टक्के मिश्रण ओलावा धरते आणि पाणी पुरेसे झाले की इथेनॉल पाण्यासह खाली बसते. हे मी कोणत्या पुस्तकातून सांगत नाही, चहाच्या गाळणीतून ते गाळून पाहिले आहे.

सांगलीकर

काका, जुनी नळी पस्तीस वर्षांनी कोणत्याही पेट्रोलने फुटली असती, इथेनॉल उसापासून होते म्हणून तिचे खापर उसावर कशाला? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांत आमचे मिरज होते आणि आपल्या राज्यातले मनमाडही. आसवनीचे (इथेनॉल तयार करणाऱ्या विभागाचे) पैसे येतात म्हणून कारखाना उसाचे बिल वेळेवर देऊ शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली, तेव्हा आमच्या घरी काय वातावरण होते ते पुण्यात बसून कळणार नाही. एका नळीसाठी आपण सगळ्या धोरणाला झोडपत आहात.

जुना कार्ब्युरेटर

मी धोरणाला झोडपत नाही, निवडीचा अधिकार मागतो. पेट्रोल पंपावर ई-२० च्या, म्हणजे या वीस टक्के मिश्रणाच्या, शेजारी साध्या पेट्रोलची एक नळी असती तर मी गप्प बसलो असतो. आणि उसाला पाणी किती लागते हेही आपण सांगितले असते तर बरे झाले असते. मराठवाड्यात माझी बहीण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते.

सांगलीकर

आता पाणीही काढलेत! गाडीतल्या रबराचा विषय टँकरवर नेणाऱ्या माणसाशी मी काय वाद घालू? मळीपासूनही इथेनॉल होते आणि मळी ऊस गाळल्यावर निघतेच, तिच्यासाठी वेगळे पाणी द्यावे लागत नाही, एवढे तरी लक्षात घ्यावे. शेतकऱ्याला शिकवण्याची पुणेकरांची हौस कधी फिटणार आहे, देव जाणे.

विद्युल्लता

दोघांनाही विनंती आहे की भांडण टाकीच्या आत ठेवावे. ई-२० चा मूळ प्रश्नाशी थेट संबंध आहे आणि तो कोणीच मांडला नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे नऊ टक्के आणि, ई-२० किंचित जड असल्याने, आकारमानाने सात-आठ टक्के अधिक इंधन हवे. ज्याने निव्वळ पेट्रोलवर इंजेक्टर ८० टक्क्यांपर्यंत ताणून ट्यून केले, त्याचा इंजेक्टर या इंधनावर ८६ टक्क्यांवर जातो. महाराष्ट्रात ज्यांनी मिश्रण वाढण्यापूर्वी गाड्या ट्यून करून घेतल्या, त्यांनी लॉग (गाडी चालताना संगणकाने टिपलेल्या नोंदी) पुन्हा काढावेत.

दुसरे म्हणजे वायर, जी वेगवेडा यांच्या मते दुकानदारांचा खर्च आहे. गेल्या वर्षी भावाच्या टर्बो गाडीत मोठा पंप बसवूनही दाब पडत होता आणि गॅरेजवाल्याने पंपच बनावट असल्याचे जाहीर केले. मी मागचे सीट काढून इंजिन सुरू असताना मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या प्लगवर ११.८. जुन्या छोट्या पंपासाठी दिलेल्या बारीक वायरीतून मोठ्या पंपाचा करंट जात होता आणि दोन व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जात होते. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड केबल ओढली, जुनी वायर फक्त रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू करण्यासाठी ठेवली आणि अर्थिंग नव्याने केले. त्याच "बनावट" पंपाने दाब धरला. केबल, रिले आणि फ्यूज मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. पंप परत करण्याच्या भांडणात भावाचा महिना गेला होता तो वेगळाच.

पिस्टनशोक

हे मी माझ्या लेखात लिहायला हवे होते, हे मान्य करतो. माझ्याकडेही वायर जुनीच होती आणि मी दोन वर्षांहून अधिक काळ सगळा दोष इंजेक्टरांना देत आलो.

वेगवेडा

विद्युल्लता यांचे आभार, कारण त्यांनी पिस्टन न दाखवता मुद्दा मांडला. शनिवारी रिकाम्या धावपट्टीवर लॉग काढला. मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत रेलचा दाब सरळ रेषेत आहे, पुढे ०.४ बारने खाली येतो आणि त्याच ठिकाणी इंजेक्टर ९४ टक्के वेळ उघडे दिसतात. चौदा महिने काही झाले नाही, याला आपण नशीब म्हणणार हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ते आधीच म्हणून ठेवतो. हजार सीसीचे इंजेक्टर आणि इथेनॉल सेन्सर मागवले आहेत, वायर रविवारी ओढीन, तोवर बूस्ट कमी ठेवीन. मात्र पंपाबद्दल मी जे लिहिले होते ते चुकीचे नव्हते, पंप पुरेसाच आहे. चुकले असेल तर फक्त "बाकीचे ट्यून सांभाळून घेतो" एवढेच.

पिस्टनशोक

म्हणजे संपूर्ण वाक्य.