घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा सुपरहिरो: वय धाकटीचं धरायचं की थोरल्याचं?

रामबाग, इंदूर (धागा सुरू करणारा)

दिवाळीत आमच्याकडे ग्वाल्हेरची आत्या, देवासचे काका, सगळे जमतात. फराळ उरकला की मुलांची मागणी एकच, सुपरहिरोचा सिनेमा लावा. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची, थोरला चौदाचा, मागे दिवाणावर आजी-आजोबा. माझं ठाम मत आहे की अशा वेळी सिनेमा धाकटीला झेपेल असाच लावावा. थोरल्याला दोन तास थोडं पोरकट वाटलं तर चालेल, धाकटी रात्री दचकून उठलेली मला चालणार नाही.

रंगीत पोशाख आणि मुखवटा दिसला की मोठी माणसं निर्धास्त होतात. 2016 चा ‘डेडपूल’ आणि 2017 चा ‘लोगन’ या दोघांनाही आपल्याकडे ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, सर्टिफिकेट होतं. बरं, 2024 च्या नियमांनी सेन्सॉर बोर्डाच्या यूएचे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा सिनेमा) 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले, हे चांगलंच झालं. पण तो आकडा म्हणजे आईवडिलांना दिलेला सल्ला. थिएटरवाला त्यावरून तुमच्या मुलाला अडवणार नाही. राखण आपणच करायची आहे.

माझी पसंती 2004 च्या ‘द इन्क्रेडिबल्स’ला. विमा कंपनीच्या नोकरीत घुसमटलेला बाप, घर सावरणारी आई, सतत भांडणारी भावंडं. आजोबांनाही त्यात आपलं काही सापडतं. तुमचं काय मत?

सुदामा नगर, दोन मुलांचा बाबा

दादा, अजिबात पटलं नाही. तुमचा थोरला अर्ध्या तासात उठेल, आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसेल आणि नेमका ‘लोगन’च एकटा बघेल. चौदा वर्षांच्या मुलाने 13+ चा सिनेमा आजोबांच्या शेजारी बसून बघावा, मध्येच प्रश्न विचारावेत, यालाच मी घरचा सिनेमा म्हणतो. 1997 पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा, तेव्हा भागाच्या शेवटी तो स्वतः मुलांना चार गोष्टी समजावून सांगायचा. आता ते काम आपलं आहे, आणि त्यासाठी मूल समोर बसलेलं हवं.

शिवाय तुमच्या ‘इन्क्रेडिबल्स’मध्ये सुरुवातीलाच एक माणूस जीव द्यायला इमारतीवरून उडी मारतो आणि वाचवलं म्हणून नायकावरच खटला भरतो. पुढे गुहेत आई मुलांना बजावते की ही माणसं तुम्हाला लहान म्हणून सोडणार नाहीत, जीव घेतील. हे पाच वर्षांच्या मुलीसाठी?

रामबाग

हो, पाच वर्षांच्या मुलीसाठीच. गुहेतला तो प्रसंग माझ्या पसंतीचं मुख्य कारण आहे. धोका खरा आहे, पण तो मुलांना आईच्या तोंडून कळतो, आई जवळ असताना कळतो. 2008 च्या ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर पेन्सिल गायब करण्याची जादू दाखवतो म्हणतो आणि माणूस मारतो. तो प्रसंग विनोदाच्या अंगाने रंगवलाय. अमेरिकेत त्या सिनेमाला पीजी-13, म्हणजे तेराखालच्या मुलांबाबत पालकांनी जपावं असं सर्टिफिकेट, मिळालं होतं. मरण दोन्हीकडे आहे, पण एकीकडे त्याची भीती वाटते आणि दुसरीकडे हसू येतं. ते हसू मला लहान मुलांच्या तोंडावर नको आहे.

तिलक नगरची आजी

आम्ही नातवंडांना नृसिंहाची गोष्ट सांगतो. उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, हे सगळं सांगतो. अफझलखानाचा कोथळा पोवाड्यात ऐकवतो. मुलं पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणतात. 1987 चा ‘मिस्टर इंडिया’ आम्ही मुलांना घेऊन टॉकीजमध्ये पाहिला. त्यात मोगॅम्बोची माणसं त्याच्या हुकमावर ॲसिडात उड्या घेतात, बॉम्बस्फोटात छोटी टीना जाते. माझी मुलगी तेव्हा हमसून हमसून रडली. रडू दे की! परक्याच्या पोरीसाठी जीव तुटणं वाईट असतं का? पराक्रम दाखवायचा आणि कुणाचं काही जाऊच द्यायचं नाही, अशी गोष्ट मुलांना खोटी वाटते.

वैशाली नगर, सहा वर्षांच्या मुलाची आई

काकू, गोष्ट ऐकताना मूल झेपेल तेवढंच चित्र डोळ्यांपुढे आणतं. ते घाबरलं की तुम्ही आवाज उतरवता, प्रल्हादाकडे वळता. सिनेमा कुणासाठी आवाज उतरवत नाही.

‘बिग हिरो 6’ बघा. गुबगुबीत पांढरा रोबो, ऑस्कर मिळालेला, अमेरिकेत नुसतं पीजी, म्हणजे पीजी-13 पेक्षाही सौम्य. त्यात मोठा भाऊ आगीत जातो, तेही बऱ्यापैकी लवकर. आमच्या घरात त्याच सुमाराला माझे दीर गेले होते. मुलगा काही न बोलता उठून गेला. सिनेमा फार सुंदर आहे, पण त्या मुलासाठी त्या दिवसांत नव्हता. कोणत्याही सर्टिफिकेटवर हे लिहिलेलं नसतं. म्हणून मी आकडा नाही, मूल बघते.

तिलक नगरची आजी

नंतर तो काकाविषयी बोलला का?

वैशाली नगर

बोलला, खूप दिवसांनी. पण ते सिनेमामुळे, असं मी म्हणणार नाही.

राजेंद्र नगर, कॉलेजवाला

आजी-आजोबांचा विचार कोणी करतच नाहीये. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ 181 मिनिटांचा आहे, आणि आधीचे सिनेमे पाहिले नसतील तर कोण कशासाठी लढतंय ते कळत नाही. त्यापेक्षा 2021 चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’ लावा, हिंदीत डब झालेला आहे, पाट्या वाचाव्या लागत नाहीत. गावातल्या शिंप्यावर वीज पडते, त्याच वेळी गावाने हिणवलेल्या आणखी एकावर पडते. खलनायकाचं दुःख इतकं खरं आहे की त्याचा नुसता राग येत नाही.

रामबाग

सिनेमा उत्तम, पण त्यातली आग आणि खलनायकाचं जिच्यावर प्रेम असतं त्या उषाचं जाणं पाच वर्षांच्या मुलीसमोर नको. दहाच्या पुढे जरूर. आणि आपल्या बोर्डाने 2025 च्या ‘सुपरमॅन’मधल्या चुंबनाला कात्री लावली, पण त्याच सिनेमात खलनायक लूथर एका निरपराध फेरीवाल्याच्या डोक्यात गोळी घालतो. मला मुलांसमोर अवघड वाटतं ते हे दुसरं.

सुदामा नगरवाल्या भाऊंचं एक मान्य: धाकटी झोपल्यावर थोरल्यांसाठी दुसरा सिनेमा लावू आणि मी सोबत बसेन.

सुदामा नगर

मग पहिलाही थोरल्यालाच निवडू द्या. धाकट्या बहिणीला काय दाखवावं, हा विचार त्याने करावा.

रामबाग

निवडू दे. पण आधी मी तो एकटा बघेन, मग हो-नाही सांगेन.

सुदामा नगर

इथेच आपलं जमत नाही. जबाबदारी दिलीत तर पूर्ण द्या.