मेन स्टँडवरील गाडीचे पुढचे चाक काढताना आधार कोठे आणि कसा द्यावा?

प्रश्न (गावभाग, सांगली)

नमस्कार. आमच्याकडे वडिलांची २००९ सालची स्प्लेंडर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी तीन दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर इंजिन खोलून साफ करून घेतले, परंतु हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती वाट्या आणि गोळ्यांची बेअरिंग) तसाच राहिला आणि आता हँडल सरळ धरले की मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकते. नवा कोनसेट, मागच्या चाकाची बेअरिंग आणि चेनसेट असे सर्व सामान मी आणून ठेवले आहे. पाने, सॉकेट आणि थोडाफार अनुभवही आहे, त्यामुळे काम घरीच करावे असे मनात आहे.

अडचण गाडी उभी धरण्याची आहे. गेल्या महिन्यात मी गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचे चाक उचललेले राहावे म्हणून शेजारच्या मुलाला मागच्या सीटवर बसवले आणि चाक काढले. आमच्याकडे वडिलांपासून हीच पद्धत चालत आलेली आहे. काम अर्धे झालेले असताना त्या मुलाला घरातून हाक आली, तो सहज उठून खाली उतरला आणि गाडीचे तोंड एकदम खाली आले. शॉकअपची टोके फरशीवर आदळली आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटे मध्ये सापडली. हाड मोडले नाही, पण पंधरा दिवस हाताने घास घेता आला नाही. मुलाचा यात काहीही दोष नाही. माणसाला वजन म्हणून वापरण्याची चूक माझी होती.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि तिला गटाराकडे किंचित उतार आहे. इंजिनाखाली विटा रचाव्यात, मोटारीचा जॅक लावावा, की पडवीच्या लोखंडी अँगलला हँडल बांधून गाडी टांगावी? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (कराड)

नमस्कार. मी पस्तीस वर्षे दुचाकींचे गॅरेज चालवले आणि आता मुलाच्या हाती देऊन निवृत्त झालो आहे. तुमची बोटे वाचली, हे वाचून बरे वाटले. तुम्ही सांगितलेली मागे माणूस बसवण्याची पद्धत मीही सुरुवातीच्या काळात वापरली आहे आणि एका अपघातानंतर ती कायमची सोडली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मेन स्टँडवर घेतलेली स्प्लेंडर तीन ठिकाणी टेकलेली असते: स्टँडचे दोन पाय आणि पुढचे चाक. मागचे चाक जमिनीपासून थोडे उचललेले असते, याचा अर्थ गाडीचा तोल स्टँडच्या पुढे पडतो. म्हणून मागचे चाक काढले तर मागची बाजू आणखी हलकी होऊन भार पुढच्या चाकावर वाढतो आणि गाडी जागेवर राहते. त्या कामात भीती वेगळी असते, ती पुढे सांगतो. पुढचे चाक काढणे म्हणजे मात्र तीन पायांपैकी एक पाय काढून घेणे आहे, त्यामुळे चाकाला हात लावण्याआधीच त्या पायाच्या जागी दुसरा पाय उभा करावा लागतो.

तो पाय इंजिनाखालून मागे जाणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांखाली, जितका पुढे घेता येईल तितका पुढे द्यावा. स्प्लेंडरला या नळ्या आहेत, हे तुमचे नशीब चांगले. इंजिनाच्या पोटाला आधार देऊ नये, कारण ते ॲल्युमिनियमचे असते आणि तेथेच ऑइल सोडण्याचा बोल्ट असतो; एका बिंदूवर भार आला तर त्याचे आटे जातात किंवा केसिंगला तडा जातो. बाभळीचा किंवा सागाचा रुंद ठोकळा घ्यावा, तो दोन्ही नळ्यांना एकाच वेळी टेकेल एवढा आडवा असावा आणि उंची कमी पडल्यास पातळ फळ्या घालून पुरी करावी. शेवटची फळी हाताने ठोकून सरकवावी लागली, म्हणजे भार ठोकळ्यावर आला असे समजावे.

आता जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती सांगतो. पुढचे चाक, मडगार्ड आणि दोन्ही शॉकअप निघाले की पुढचे बरेच वजन कमी होते आणि गाडीचा तोल मागे सरकतो. ठोकळा आणि स्टँड यांच्यातील अंतर फूट-दीड फुटाचेच असल्यामुळे गाडी तराजूच्या दांडीसारखी होते. तुम्ही कोनसेटची वाटी ठोकून काढायला लागलात की पुढची बाजू उचलते, मागचे चाक खाली येते, ठोकळा मोकळा होऊन सरकतो आणि पुढच्या झोक्याला आधार जाग्यावर नसतो. म्हणून मागच्या चाकाखालील पोकळी आधीच फळ्या घालून भरून घ्यावी. माझ्या गॅरेजमध्ये नव्या पोरांना मी हातात पाना देण्याआधी हे करून दाखवत असे.

मागच्या चाकाच्या कामातील भीती म्हणजे स्टँड मिटण्याची. गाडी पुढे ढकलली गेली की मेन स्टँड मागे घडी होतो, कारण तो तसाच बनवलेला आहे, आणि मागचे चाक हवेत असल्यामुळे गिअर टाकून काही उपयोग होत नाही. तेव्हा पुढच्या चाकाला पुढून व मागून पाचर लावावी, पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधावा आणि स्टँडचा आडवा दांडा पुढे फ्रेमच्या नळीला दोरीने जखडून टाकावा, म्हणजे स्टँडला मागे जायला वावच राहत नाही. पुढचे चाक काढायचे असेल तेव्हा पाचर आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात, त्यामुळे ही दोरी त्या कामात तर हवीच.

तुमच्या गाडीत पुराचा गंज आहे, म्हणून घट्ट नटांबद्दलही लिहितो. गाडी पडते ती बहुतेक वेळा पान्याच्या हिसक्याने. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर तुम्ही २० किलोचा जोर लावला, तर नटाला सुमारे ६० न्यूटन-मीटरची पीळ मिळते. गंजलेला नट त्याला दाद देत नाही, मग आपण पान्याला पाइप लावतो, आणि तो सगळा जोर नट सुटताक्षणी गाडीवर येतो. यासाठी आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि गाडीची दोन्ही चाके जमिनीवर असताना, पहिल्या गिअरमध्ये, एका माणसाने हँडल पक्के धरलेले असताना सर्व मोठे नट अर्धा आटा सैल करून पुन्हा हाताने बसवून ठेवावेत. त्यातही पाना असा लावावा की जोर खाली, जमिनीच्या दिशेने पडेल. नट गाडीच्या उजव्या बाजूला असेल तर पान्याची मूठ मागच्या बाजूला ठेवून खाली दाबावी, डाव्या बाजूला असेल तर मूठ पुढच्या बाजूला ठेवून खाली दाबावी. दोन्ही वेळा नट सैलच होतो आणि गाडी पुढे ढकलली जात नाही.

उत्तर (कुपवाड एमआयडीसी, सांगली)

वरील उत्तर अतिशय नेमके आहे. मी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे विटा, जॅक आणि अँगल या आपल्या तीन पर्यायांपुरतेच लिहिते.

विटा कृपया वापरू नयेत. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही नकोत. भिंतीत वीट भार घेते, कारण तेथे तो पूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरलेला असतो. फ्रेमची गोल नळी विटेवर एका रेषेत टेकते, आणि ठिसूळ वस्तू अशा भाराखाली कोणतीही सूचना न देता एकदम फुटते. लाकूड आधी दबते, करकरते, त्यात वण उमटतो आणि आपल्याला हात काढून घेण्यापुरता वेळ मिळतो. ज्या वस्तूखाली माणसाचा हात जाणार आहे तिचा आधार असाच इशारा देणारा असावा, असे माझे ठाम मत आहे.

जॅक उचलण्यासाठी जरूर वापरावा, धरून ठेवण्यासाठी नव्हे. मोटारीच्या कैची जॅकचे डोके अरुंद असते आणि गाडी जरा कलंडली की तो आडवा होतो. हायड्रॉलिक जॅकचे सील जुने असेल तर तो अर्ध्या तासात नकळत बोटभर खाली बसतो. जॅकने उचलावे, ठोकळा सरकवावा, भार ठोकळ्यावर उतरवावा आणि मगच काम सुरू करावे.

पडवीचा अँगल पत्र्याचे आणि वाऱ्याचे वजन पेलण्यासाठी बसवलेला असतो. सुमारे ११० किलोच्या गाडीचा निम्मा भार मधोमध टांगला आणि त्यावर हातोडीचे हिसके बसले, तर अँगल वाकणे किंवा त्याचा सांधा सुटणे अगदी शक्य आहे. हँडलला तर दोरी बांधूच नये, कारण कोनसेटसाठी आपल्याला हँडलच काढायचे आहे. गाडी बाजूला कलंडू नये एवढ्यासाठी फ्रेमपासून दोन्ही बाजूंना तिरक्या दोऱ्या काढून भक्कम खांबांना बांधाव्यात. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि तिची गाठही सरकते, तेव्हा ट्रकवाले माल आवळतात तो रॅचेटचा पट्टा मिळाल्यास अधिक चांगले.

आपली शहाबादी फरशी मला या सगळ्यांत सर्वाधिक काळजीची वाटते. गुळगुळीत दगडावर ऑइलचे चार थेंब पडले की स्टँडचे पाय घसरतात, आणि आपल्याकडे उतारही आहे. स्टँडखाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा मोठा तुकडा घालावा, त्याखाली रबराची चटई पसरावी आणि गाडीचे तोंड चढाच्या दिशेला ठेवावे, म्हणजे उतार गाडीला स्टँडवरून पुढे लोटणार नाही.

प्रतिप्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)

माझ्याकडे बजाजची पल्सर एनएस २०० आहे आणि तिला मेन स्टँडच नाही. चेन साफ करताना मी साइड स्टँडवर गाडी कलती करून मागचे चाक उचलतो. चाक काढण्यासाठी हीच रीत चालेल का?

उत्तर (कराड)

चालणार नाही, आणि चेन साफ करतानाही ती रीत सोडावी अशी विनंती आहे, कारण त्या अवस्थेत सगळी गाडी साइड स्टँडच्या एका पिनवर आणि पुढच्या चाकावर पेललेली असते. तुम्ही मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, घ्यावा. तो चिमट्याखाली (मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांखाली) दोन्ही बाजूंना सारखा बसतो. तुमच्या गाडीचा चिमटा चौकोनी असल्यामुळे रबर लावलेले एल आकाराचे टेकू चालतात. गाडी त्यावर चढवताना ती सरळ धरायला दुसरा माणूस हवा, पुढचा ब्रेक आवळलेला हवा आणि हँडल सरळ हवे. पुढचे चाक काढायचे असेल तरी आधी मागचा स्टँड लावायचा आणि नंतर पुढचा. नुसत्या पुढच्या स्टँडवर गाडी कधीही उभी करू नये.

उत्तर (सदरबझार, सातारा)

एका गोष्टीचा उल्लेख वर आलेला नाही, म्हणून लिहिते. माझे वडील आणि भाऊ दोघेही अंगणात गाड्या खोलत आणि त्याच अंगणाच्या कोपऱ्यात सकाळी पाणी तापवण्याचा बंब पेटलेला असे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि बंबाच्या विस्तवापर्यंत पोहोचायला तिला भिंतीची अडचण होत नाही. आमच्याकडे एकदा गाडी आडवी होऊन टाकीच्या झाकणातून पेट्रोल सांडले, तेव्हा आईने प्रसंगावधान राखून आम्हा मुलांना आधी रस्त्यावर काढले, वडिलांनी बंबावर माती टाकली आणि अनर्थ टळला.

तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी टाकी रिकामी करावी किंवा काढूनच ठेवावी. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलो वजन, आणि तेही गाडीच्या सर्वांत वरच्या भागात, त्यामुळे टाकी काढल्याने तोलालाही मदत होते. बॅटरीची तार सोडावी, बंब आणि देवापुढची उदबत्तीसुद्धा त्या वेळेपुरती विझवावी आणि घरातील लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नये.

प्रतिप्रश्न (गावभाग, सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काका, एक विचारायचे राहिले. आधार पुरेसा झाला की नाही, हे चाक काढण्याआधी कसे ओळखावे? आणि एवढे करूनही गाडी पडू लागली तर ती कोणत्या बाजूने धरावी?

उत्तर (कराड)

धरू नका. पडणारी गाडी धरायला गेलेल्या माणसाचे मनगट, कंबर किंवा गुडघा जातो. मडगार्ड आणि इंडिकेटर बाजारात मिळतात. काम करताना नेहमी एका बाजूला सरकायची वाट मोकळी ठेवा, मांडी घालून बसू नका, उकिडवे बसा किंवा बुटक्या स्टुलावर बसा आणि पायात चपलेऐवजी बूट घाला.

ओळखण्याची रीत सोपी आहे. सर्व आधार लावून झाले की, चाक जागेवर असतानाच, एकदा बाजूने हँडल आणि मागची पकड धरून गाडी जोराने हलवा, नंतर पुढे-मागे हलवा. ठोकळा करकरला, सरकला किंवा स्टँडचा पाय किंचितही उचलला, तर पुन्हा रचा. पुढचा भार खरोखर ठोकळ्यावर आला असेल तर पुढचे चाक हाताने मोकळे फिरते आणि त्याच्याखालून जाड पुठ्ठा आरपार जातो. चाक निघाल्यावर, शॉकअप निघाल्यावर आणि कोनसेटच्या वाट्या ठोकून झाल्यावर, अशा तिन्ही वेळी ही तपासणी पुन्हा करायची, कारण प्रत्येक भाग निघाला की तोल बदललेला असतो. जुन्या कोनसेटच्या गोळ्या सुट्या असतात, तेव्हा खाली पांढरे कापड अंथरा.

काम झाल्यावर चाकाचे नट मेन स्टँडवर बेताने आवळा, आधी ठोकळे काढा, मग ब्रेकची पट्टी आणि स्टँडची दोरी सोडा, गाडी खाली घ्या आणि शेवटची आवळणी दोन्ही चाके जमिनीवर असताना करा. स्टँडची दोरी सोडायला विसरून गाडी पुढे ढकलणारे मी बरेच पाहिले आहेत, म्हणून दोरीला लाल चिंधी बांधत जा.

प्रश्नकर्त्याकडून (गावभाग, सांगली)

काल रविवारी काम झाले. नट शनिवारी रात्री तेलात भिजवले होते, तरी पुढच्या आसाचा नट दुसऱ्या प्रयत्नात सुटला. ठोकळा पहिल्यांदा रचला तेव्हा हलवून पाहताना डावीकडे सरकला, कारण खालची फळी वाकलेली होती. ती बदलून दुसरी घातली आणि मागच्या चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या. वाट्या ठोकताना गाडीने त्या फळ्यांवर भार टाकलेला स्पष्ट जाणवला. त्या नसत्या तर काय झाले असते, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. हँडल आता दोन्हीकडे सारखे फिरते. मागच्या चाकाची बेअरिंग आणि चेनसेट पुढच्या रविवारी बदलणार आहे, तोवर प्लायवुड आणि ठोकळे पडवीतच ठेवले आहेत.