'मध्य-महासागरी कटक' : कटक हाच शब्द ठेवावा का?

समुद्रतळावरचा एक लेख मराठीत आणते आहे. महासागरांच्या तळावरून धावणाऱ्या डोंगरांच्या लांब रांगेला (इंग्रजीत 'मिड-ओशन रिज') 'मध्य-महासागरी कटक' हा शब्द पुस्तकांत दिसतो म्हणून तोच घेतला. मसुदा वाचून वडील म्हणाले, "कटक म्हणजे फौज ना गं?" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, जुन्या मराठीत तोच अर्थ आहे. मग भूगोलात हा शब्द आला कसा? आणि याहून बरा शब्द आहे का?

—

संस्कृतात कटक म्हणजे कडं, सैन्य आणि डोंगराची बाजूही. अमरकोशात तर डोंगराचा 'नितंब' असा अर्थ दिलाय, म्हणजे मधला उतार, माथा नव्हेच. सरळ 'पर्वतरांग' लिहा.

—

लांबीच्या दृष्टीने 'पर्वतरांग' ठीक आहे. सगळ्या महासागरांतून मिळून ती सुमारे ६५,००० किमी भरते. पण पर्वत म्हटलं की वाचकाला वळ्या पडून उचललेला डोंगर दिसतो, आणि इथे घडतं त्याच्या उलट. दोन भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरतात, खालचा तप्त खडक वर येतो, दाब उतरल्यामुळे त्याचा थोडा भाग वितळतो आणि त्या लाव्ह्याचा नवा तळ होतो. नवा तळ गरम म्हणून हलका, आणि हलका म्हणून उंच. माथ्यावर पाणी साधारण २,५०० मीटर खोल असतं. तोच तळ बाजूला सरकत, निवत कोट्यवधी वर्षांत ५,००० मीटरच्याही खाली बसतो. ही उंची उष्णतेची आहे.

शिवाय सगळीकडे रूप एक नाही. अटलांटिकमध्ये तळ वर्षाला २ ते ५ सेंमी इतकाच पसरतो. तिथे रांगेच्या ऐन मध्यावर एक ते तीन किमी खोल दरी आहे. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या अमेरिकन भूवैज्ञानिक मेरी थार्प यांना ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली. जहाजांवरच्या खोलीच्या नोंदींवरून त्यांनी अटलांटिकचे आडवे छेद हाताने काढले. शिखरं एका छेदातून दुसऱ्यात जुळेनात, मधली खाच मात्र जुळली. पूर्व पॅसिफिकमध्ये पसरण्याचा वेग याच्या कितीतरी पट, आणि तिथे दरी नाही, नुसता रुंद फुगवटा. इंग्रजीतसुद्धा त्याला 'रिज' न म्हणता 'राइज' म्हणतात. आपणही तिथे 'उंचवटा' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

—

खाच जुळली, हे वाचून अंगावर काटा आला. त्या दरीला 'खचदरी' म्हणू ना?

—

जरूर. साधी दरी पाणी कोरतं. इथे जमीन ताणली जाऊन दोन भ्रंशांमधला, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या दोन भेगांमधला, भाग खाली बसतो. 'खचणे' हे क्रियापदच ती गोष्ट सांगतं.

तुमच्या लेखात रांगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या लांबट, समांतर टेकड्याही येतील. पृथ्वीवर सर्वांत जास्त जागा व्यापणारं भूरूप बहुधा तेच. त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द आहे : सरी-वरंबे. वरून पाहिलं तर तळ अगदी तसाच दिसतो आणि ओळी रांगेला समांतर धावतात.

—

शब्द गोड आहे, पण एक अडचण सांगतो. वरंबा माती ओढून होतो. या टेकड्या बव्हंशी ताणलेला तळ भ्रंशांवर तुटून, तुकडे कलून झालेल्या आहेत. जिथे पसरणं मंद, तिथे रांगेकडची बाजू सहसा उभी आणि पलीकडची उतरती असते. वरंबा दोन्हीकडून सारखा. उपमा म्हणून घ्या, संज्ञा म्हणून नको.

—

पटलं. 'मध्य-महासागरी पर्वतरांग' ठेवते, पॅसिफिकपुरतं 'उंचवटा', मध्ये 'खचदरी'. टेकड्यांना टेकड्याच, फक्त पहिल्या उल्लेखात "सरी-वरंब्यांसारख्या". वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "वरंबा किती उंच?" लेखात ते राहूनच गेलं होतं : साधारण ५० ते ३०० मीटर. आता घालते.