बकुळीच्या खोडात तार रुतलीय, वरचा भाग फुगलाय

गच्चीवाली, मुलुंड:
चार वर्षांपूर्वी गणपतीत लायटिंगसाठी कुणीतरी कंपाउंडमधल्या बकुळीला जाडी तार करकचून बांधली आणि विसरला. आता तार सालीत गडप झालीय. तिच्या वर बोटभर जाड फुगवटा, खाली खोड बारीक. पानं मात्र हिरवीगार! मग पाणी वर जातंय कसं?

पेरूवाला:
पाण्याचा रस्ता आतल्या लाकडातून, जलवाहिन्यांतून. पानांतून बाष्प उडतं, त्या ओढीनं पाणी वर खेचलं जातं. तो रस्ता अजून शाबूत आहे. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीला चिकटून असलेल्या रसवाहिन्यांतून खाली उतरते. तार तिथेच आवळते. साखर वर अडकते, तोच तुमचा फुगवटा. सतराव्या शतकात माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञानं खोडाची गोल साल काढून हेच पाहिलं होतं. उपाशी राहतात मुळं, आणि ते पानांवर दिसायला वेळ लागतो.

गुटी कलमही याच युक्तीवर चालतं बरं का. आमच्या आजोबांचा पेरू असाच: फांदीची अंगठीएवढी साल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरच्या कडेला मुळं फुटतात.

गच्चीवाली:
अगंबाई! मग तार उपटू का?

पेरूवाला:
उपटू नका, साल सोलवटेल. दिसेल तिथे पक्कडीनं तोडा, रुतलेली राहू द्या.

चाळकरी:
आमच्या माडालाही तार आहे, पण फुगवटा नाही.

पेरूवाला:
माडाच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून. तरी काढाच ती.