पाळणाघरात ताप: मूल घरी कधी पाठवायचं, परत कधी घ्यायचं?

पाळणाघर, जुळे सोलापूर
दीड ते चार वर्षांची मुलं आहेत. काही पालक सकाळी ताप असला की औषध पाजून सोडून जातात आणि अकरा-बाराला अंग पुन्हा तापतं. आई-वडील चिंचोळी एमआयडीसीत, लगेच येता येत नाही. नियम काय ठेवावा? तोवर औषध आपण द्यावं का?

बालविभागातली परिचारिका
ताई, हात लावून ठरवू नका. काखेतला घाम पुसून डिजिटल थर्मामीटर लावा, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली खेळलेल्या मुलाचं अंग तसंही गरम लागतं, म्हणून आधी १५-२० मिनिटं पंख्याखाली बसवा.

पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासच टिकतो. आठला पाजलं की दुपारी ताप वर येणारच. दारातच विचारा: औषध दिलं का, किती वाजता, किती मिली, कोणती बाटली? सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं मिळतं तसं २५० चंही, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० असतात. डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम; १० किलोच्या मुलाला २५० च्या सिरपचे ३ मिली, १२० च्या सिरपचे सुमारे ६. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तिथे नकळत दुप्पट डोस होतो.

पाळणाघर, जुळे सोलापूर
बऱ्याच जणी 'एक चमचा दिला' एवढंच सांगतात.

बालविभागातली परिचारिका
घरचा चमचा हे माप नव्हे. बाटलीचा फोटो मागवा आणि वेळ वहीत लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची लेखी संमती आणि त्या वेळी फोन, तिन्ही असतील तरच द्या. दोन डोसांत किमान चार तास, दिवसभरात चारच्या वर नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, आयबुप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध मुळीच नको.

संचालिका, अशोक चौक
प्रवेशाच्या वेळीच जवळ राहणाऱ्या आजी, मावशी किंवा शेजाऱ्यांचा नंबर आणि मूल नेण्याची लेखी परवानगी घ्या. निम्मी अडचण तिथेच सुटते. परत घेताना औषधाशिवाय २४ तास ताप नको. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी.

झटका आला तर कुशीवर झोपवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ लावा. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.