मदत हवी आहे: जिओफेगस वाळू चाळेनासे झालेत

नेरुळला राहतो. चार फुटी टँक, त्यात पाच जिओफेगस (सिक्लिड कुळातले मासे), साधारण तीन-तीन इंचांचे. दुकानदाराने 'सुरिनामेन्सिस' म्हणून दिले, पण त्या नावाखाली भलतेच भाऊबंद विकले जातात म्हणे, त्यामुळे जात छातीठोक सांगत नाही.

आधी बारीक पांढरी वाळू होती. दिवसभर यांचा एकच उद्योग: तोंडभर वाळू घ्यायची, चघळायची, कल्ल्यांतून सोडून द्यायची. आई म्हणायची, "यांना तांदूळ निवडायला बसव." मत्स्यशास्त्रज्ञ हेकेलने १८४० साली यांचं नाव ठेवलं तेच मुळी 'माती खाणारा' अशा अर्थाचं.

तीन आठवड्यांपूर्वी मला काळ्या तळाची हौस आली. सोसायटीत प्लास्टरचं काम चालू आहे, खाली क्रश सँडचा ढीग. विचारून एक गोणी आणली, दहा पाण्यांनी धुतली, घातली. दिसायला झकास! तेव्हापासून हे एक घास घेतात आणि लगेच थुंकतात. दोघांनी तर तोंड लावणंच सोडलं. खाद्याच्या गोळ्या मात्र खातात. एकाचा ओठ लाल दिसतोय, आणि काल एक जण लाकडाला अंग घासत होता. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, तापमान २८.

हा कल्ल्यांचा रोग की वाळूचा दोष? सगळी वाळू एकदम काढली तर सायकल (घाण पचवणाऱ्या बॅक्टेरियांचा बसलेला जम) बिघडेल का? मित्र म्हणतो वाशी खाडीची आणू, फुकट आहे.

प्रतिसाद, ठाणेकर_मासेवाला:
आधी वाळूच काढा. क्रश सँड म्हणजे खाणीतला फोडलेला दगड, कडा धारदार. नदीची वाळू घासून घासून गोल झालेली असते. यांच्या कल्ल्यांच्या कमानीवर चाळणीसारखी रचना असते. अळ्या, किडे आत राहतात आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर पडते. थोडक्यात, तुम्ही त्यांना पॉलिशपेपर चघळायला दिलाय.
बॅक्टेरिया बहुतेक फिल्टरमध्ये असतात, त्याला या आठवड्यात हात लावू नका. दोन दिवसांत अर्धी-अर्धी वाळू नळीने ओढून काढा. जागी स्विमिंग पूलच्या फिल्टरची बारीक सिलिका वाळू, तीन सेंमी पुरे. जास्त जाड थर दिला की खाली घाण सडते.

प्रतिसाद, खाडीपलीकडची:
खाडीची अजिबात नको. मीठ धुवून जाईल, शिंपल्यांचा चुरा राहील आणि तो विरघळून पाणी जड करत राहील. खात्री करायची तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसली की समजा. तिथे आपली काळुंदर सुखात राहते, तीही सिक्लिडच. पण तुमचे पाहुणे दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या नद्यांचे.

धागाकर्ता:
अर्धी काढली. मध्येच सुचलं म्हणून जुनी पांढरी वाळू काचेच्या बशीत भरून कोपऱ्यात ठेवली. अर्ध्या तासात पाचही जण बशीवर, ढकलाढकली चालू! उरलेली उद्या. लाल ओठाला औषध घालू का?

ठाणेकर_मासेवाला:
नको. चार दिवस रोज थोडं पाणी बदला. ओठावर कापसासारखं पांढरं दिसलं तर मात्र लगेच इथे लिहा.